बैलाले कायची पावर?

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. दारोदार पळसाचे मेढे लावलेले, दुपारच्या सरीनं ओटा अजून ओलसर, आणि घराघरांतून पुरण परतल्याचा वास. भाचा गावभर लाकडी बैल ओढून नुकताच परतला होता. बैलाच्या गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर जुन्या साडीच्या काठाची झूल, चाकांना काळा चिखल. बोजाऱ्याचे पैसे त्यानं आईच्या हातावर मोजले, बैल भिंतीशी नीट उभा केला आणि तिचा मोबाइल घेऊन ओट्यावर मांडी ठोकली. मोबाइलमध्ये पोकेमॉनचा पहिला गेम होता, लाल रंगाचा, मूळ गेमबॉयवरचा. गेल्या सुट्टीत मीच त्याला चालू करून दिला होता. तो सफारी झोनमध्ये फिरत होता. गवत हललं, आणि समोर टॉरोस उभा राहिला. तीन शेपट्यांचा, शिंगं रोखलेला बैल. तिथं झुंज नसते, दगड मारायचा किंवा आमिष टाकायचं आणि बॉल फेकायचा. टॉरोस लवकर पळून जातो. याला तो मिळाला. मी जवळ सरकलो. त्यानं माहितीचा पडदा उघडला, टाइप, म्हणजे त्याची जात, वाचला आणि ओठ मुरडले. "मामा, हा तं नॉर्मल निंगाला. बैलाले कायची पावर? ना आग, ना पानी, ना करंट. राहू दे त्याले पीसीतच."

पीसी म्हणजे गेममधला डबा, नको असलेले पोकेमॉन ठेवायचा. समोर भिंतीशी त्याचा बैल कुंकू लावून उभा होता.

मी तेव्हा काही बोललो नाही, कारण त्याचं गणित त्याच्यापुरतं बरोबर होतं. तो ज्या वयात आहे त्या वयात आम्हीही ताकद अशीच मोजायचो. २००३ च्या आसपास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत लागायचं. गावात टीव्ही मोजक्या घरी, आणि भारनियमनात वीज कधी येईल त्याचा नेम नाही. एपिसोड निम्मा बघितलेला असायचा आणि दिवा जायचा. उरलेला निम्मा आम्ही शाळेच्या वाटेवर, पऱ्हाटीच्या धुऱ्यानं चालताना आपापसांत पूर्ण करायचो. प्रत्येकानं आपापला जनावर वाटून घेतला होता. कुणाचा चारिझार्ड, कुणाचा ब्लास्टॉइज, पिकाचूवरून तर भांडणं व्हायची. नॉर्मल टाइपचा कुणीही मागितल्याचं मला आठवत नाही. आग पाण्याला भिते, पाणी विजेला भिते, वीज मातीत जिरते. ज्याला कुणावर तरी भारी पडता येतं तोच ताकदवान, एवढं साधं ते शास्त्र होतं. पुढे आर्वीच्या एका सायबर कॅफेत तो गेम पहिल्यांदा कॉम्प्युटरवर पाहिला, आणि कोण कुणावर किती भारी याचा तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणला. पंधरा टाइप आडवे, पंधरा उभे. आगीच्या ओळीत दुपटीचे आकडे, पाण्याच्या ओळीत दुपटीचे आकडे. नॉर्मलच्या ओळीत एकही दुप्पट नाही. दगडावर अर्धा, भुतावर शून्य, बाकी सगळीकडे नुसता एक. ती ओळ उतरवायला सगळ्यात सोपी होती, एवढंच तेव्हा वाटलं.

त्या ओळीकडे मी नीट पाहिलं ते कितीतरी वर्षांनी, जेव्हा इंटरनेटवर अनोळखी माणसांशी त्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे याच पहिल्या गेमच्या नियमांच्या, लढती खेळू लागलो. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं बसायचं, समोर सहा, आपले सहा, सगळे १०० लेव्हलचे. म्यूटू आणि म्यू यांना बंदी, कारण ते असले की बाकी कुणाला अर्थच उरत नाही. एका वेळी समोरच्या एकालाच झोपवायचं, एकालाच गोठवायचं, असे काही नियम. मी सुरुवातीला आवडते घेऊन उतरायचो आणि समोर दर वेळी तेच तिघं दिसायचे: टॉरोस, स्नोरलॅक्स, चॅन्सी. तिघंही नॉर्मल. १९९६ साली जपानात निघालेल्या या गेममध्ये १५१ प्राणी आहेत, आणि त्यातून जगभरची माणसं सहा निवडतात तेव्हा तीन जागा जवळपास आधीच भरलेल्या असतात. उरलेल्या तिघांत एक तरी सायकिक, म्हणजे मनाच्या ताकदीनं मारणारा, असतोच: अलकझाम, स्टारमी, नाहीतर नारळाच्या झाडासारखा दिसणारा एक्झेग्युटर. आग शोधूनही सापडत नाही. ड्रॅगनच्या नावाचा केवढा दरारा, पण पहिल्या पिढीत ड्रॅगनची लढाईची चाल एकच, ड्रॅगन रेज, आणि ती कुणावरही बरोबर ४० चा घाव घालते, कमी नाही, जास्त नाही. ड्रॅगनाइट समोरच्याला वेढून जखडण्यासाठी घेतात. ज्वाळा ओकणारे, पंखवाले, लहानपणी ज्यांच्यासाठी आम्ही भांडलो ते सगळे बाहेर बसलेले.

सायकिक का भारी, हे समजलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं. म्हणायला सायकिकचे वैरी दोनच. किडा आणि भूत. गेममध्ये सबरीना या सायकिकवालीच्या जिममधला एक जण तसं तोंडानं सांगतोही, की सायकिक पोकेमॉन भितात ते फक्त भुतांना आणि किड्यांना. टीव्हीवरही ॲश, मालिकेचा हिरो, तिच्याशी लढायला म्हणून मुद्दाम लॅव्हेंडर टाउनला भूत शोधायला जातो. आम्ही ते एपिसोड जीव मुठीत धरून पाहिले होते. पण गेमच्या आत, जिथं खरा हिशोब होतो, तिथं भुताची चाल सायकिकवर दुप्पट लागायच्या ऐवजी शून्य लागते. बनवणाऱ्यांच्या हातून एक आकडा चुकीचा पडला आणि तो तसाच छापून जगभर गेला. बरं, आकडा बरोबर असता तरी भुताच्या हाती होतं काय? टाइपच्या हिशोबानं लागणारी चाल एकच, लिक, म्हणजे जिभेनं चाटणं, ताकद २०. किड्यांचंही तेच. त्यांची सगळ्यात चांगली चाल ट्विनिडल, दोनदा टोचणारी, प्रत्येक टोचणीला २५, आणि ती येते एकट्या बीड्रिलला. बीड्रिल स्वतः अर्धा विषारी. भुतांचं, म्हणजे गेंगारचं, घराणंही अर्धं विषारी. आणि विषारी प्राण्यांवर सायकिक दुपटीनं लागतं. म्हणजे ज्यांना वैरी म्हणून उभं केलं त्यांच्या हातात काठीही दिली नाही, आणि वरून अंगावर असं कातडं चढवलं की पहिल्या फटक्यातच फाटावं. १५१ पैकी ३३ जण विषारी आहेत. अलकझामचा स्पेशल, म्हणजे आग, पाणी, सायकिक असल्या वारांचा आकडा, १३५, वेग १२०. समोरच्याला उठायच्या आधी त्याचा वार होतो, आणि तीनातून जवळपास एकदा त्या वारानं समोरच्याचा स्पेशलच खाली येतो. पहिल्या पिढीत स्पेशल हा एकच आकडा आहे, मारायलाही तोच आणि सोसायलाही तोच. तो खाली आला की माणूस दोन्हीकडून उघडा पडतो.

एवढं सगळं कळल्यावर कुणीही म्हणेल, मग सायकिकच राजा. मीही बरेच दिवस तसंच धरून चाललो होतो. मग प्रश्न पडतो की प्रत्येकाच्या फौजेत तो बैल काय करतोय.

त्याचं उत्तर त्या साध्या ओळीच्या शेजारच्या उभ्या रकान्यात आहे. नॉर्मलवर भारी पडणारा टाइप एकच, फायटिंग. मॅशॅम्प, हिटमॉनली, प्राइमेप, ही कुस्तीगीर मंडळी. त्यांचा वार बैलावर दुप्पट बसतो. पण त्यांना मैदानात उतरताच येत नाही, कारण मैदानात सायकिक बसलेला आहे आणि सायकिकचा वार कुस्तीगीरावर दुप्पट. त्यात कुस्तीगीरांच्या चाली तरी कशा? सबमिशनची ताकद ८०, पाचातून एकदा हुकते, आणि लागली तरी मारणाऱ्यालाच इजा करते. म्हणून कुणी कुस्तीगीर आणत नाही. म्हणून बैलाला वैरी नाही. भुताच्या रकान्यात शून्य पडलं, त्यानं सायकिक मोकळा झाला. सायकिक मोकळा झाला, त्यानं कुस्तीगीर घरी बसले. कुस्तीगीर घरी बसले आणि बैल मोकाट सुटला. कुणीतरी जपानात एका रात्री टाकलेल्या आकड्याचा माग असा बैलाच्या खुरापर्यंत येतो. मला या साखळीचं फार वेड आहे. रात्री लढत हरल्यावर झोप येत नसली की मी ती मनातल्या मनात मागून पुढे आणि पुढून मागे जुळवत बसतो.

आता बैलाच्या स्वतःच्या अंगात काय आहे ते. नॉर्मलचा वार कुणावर दुप्पट बसत नाही, पण अडवतो तरी कोण? दगड अर्धा अडवतो, भूत पूर्ण. पोलादाचा टाइप तेव्हा जन्मलाच नव्हता. दगडवाले रायडॉन आणि गोलेम, त्यांना बैलाचा अर्थक्वेक दुप्पट लागतो. भुतांत लढण्याजोगा गेंगार एकटा, तोही अर्धा विषारी असल्यानं अर्थक्वेक त्याच्यावरही दुप्पट. उडणाऱ्यांना ब्लिझर्ड, आणि पहिल्या पिढीत ब्लिझर्डची ताकद १२० असून दहातून नऊदा लागतो. बाकी कुणासमोरही उभा राहिला तरी बॉडी स्लॅम आहेच: ताकद ८५, आपल्याच टाइपचा म्हणून दीडपट, आणि दहातून तीनदा समोरचा लुळा पडतो. लुळा पडला की त्याचा वेग पाव होतो आणि चारातली एक पाळी वाया जाते. चौथी चाल हायपर बीम, शेवटच्या घावासाठी. चार चालींत पूर्ण तक्ता झाकला. असं एकही जनावर नाही ज्याच्यापुढे टॉरोसला उभं केलं आणि त्याला काही करताच आलं नाही.

बाबा बैल घेताना हेच बघायचे. बैलबाजारात मी त्यांच्यासोबत जायचो तेव्हा माझी नजर शिंगांवर, वशिंडावर, पाठीच्या लकाकीवर. व्यापारी जोडीला हिंगूळ लावून, तेल चोपडून उभी करायचा. बाबा दात बघायचे, खूर उचलून बघायचे, मग बैल चालवून आणायचे, आणि मालकाला एकच विचारायचे, "अडते का कोठी?" एखादा बैल बंडीला पळतो पण वखराला जुंपला की बसतो. एखादा वखराला जोर लावतो पण डवऱ्याला नेला की मुसकं असूनही पिकात तोंड घालतो, ओळ मोडतो. एखादा उन्हात छान आणि चिखलात पाय टाकत नाही. आमच्या पाखऱ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आर्वीकडची गवळाऊ जात पांढरी, सडपातळ, पायानं हलकी. तो तसाच, गर्दीत वेगळा ओळखू न येणारा. पण तिफन असो, डवरा असो, रात्रीची कापसाची बंडी असो, त्याला कुठं जुंपावं हा विचार बाबांना कधी करावा लागला नाही. शेजारी दुसरा कोणताही बैल दिला तरी त्याची जोडी लागायची. तो गेला तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. टॉरोसच्या चार चाली पहिल्यांदा कागदावर मांडल्या तेव्हा मला बाबांचा तो प्रश्न ऐकू आला होता.

त्यात वेगाची गोष्ट आहेच. पहिल्या पिढीत मर्मी घाव, ज्याला सगळे क्रिटिकल म्हणतात, तो नशिबाचा नाही, वेगाचा असतो. मूळ वेगाला ५१२ नं भागायचं. टॉरोसचा वेग ११०, म्हणजे पाचातून एकदा तरी घाव जवळजवळ दुप्पट बसणार. आमचा भाग शंकरपट बघणारा आहे. वर्धा नदीपलीकडच्या तळेगाव दशासरच्या पटाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, आणि जोडी सेकंदाच्या तुकड्यावर जिंकते-हरते हे इथल्या लेकराला सांगावं लागत नाही. पण वेगानं नुसती पाळी आधी येत नाही, घावही खोल जातो, हे मला या गेमनं शिकवलं. स्नोरलॅक्सचा वेग ३०. त्याला मर्मी घाव क्वचित मिळतो, पण त्याचं रक्त १६०, आणि मरताना सेल्फडिस्ट्रक्टनं तो समोरच्याला सोबत घेऊन जातो. चॅन्सीचं रक्त तर २५०, सगळ्या १५१ मध्ये सर्वांत जास्त, आणि अंगावरचा वार सोसायची ताकद ५, सर्वांत कमी. अलकझाम, स्टारमी, झॅपडोस, जे जे स्पेशलनं मारतात ते तिच्यापुढे थकून जातात. ती सॉफ्टबॉइलनं निम्मं रक्त परत भरते आणि शांतपणे समोरच्याला थंडर वेव्हनं लुळं करत बसते. सायकिकचा खरा वैरी किडाही नाही आणि भूतही नाही, ही गुलाबी नर्स आहे. तीही नॉर्मल. तिला तोडायला मग अंगानं मारणारा लागतो, आणि तो म्हणजे पुन्हा बैल किंवा स्नोरलॅक्स.

बर्फाबद्दल दोनच शब्द. पहिल्या पिढीत गोठलेला प्राणी आपोआप वितळत नाही. आगीचा चटका बसला तर, किंवा समोरच्यानं हेझ नावाची चाल वापरली तर, नाहीतर तो त्या लढतीपुरता गेलाच. दहातून एकदा घडणाऱ्या या गोष्टीनं कितीतरी चांगल्या लढती फुकट गेलेल्या मी पाहिल्यात, आणि मला हा नियम मनापासून आवडत नाही. हुशारीनं खेळलेल्या वीस पाळ्या एका ब्लिझर्डनं पुसल्या जाव्यात यात कसली मजा. ज्यांना तो थरार वाटतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझं मत बदलेल असं वाटत नाही.

गेंगारसाठी मात्र मला वेगळा उमाळा आहे. ज्या प्राण्याला सायकिकचा काळ म्हणून जन्माला घातलं आणि ज्याच्या ओळीत शून्य लिहून ठेवलं, त्याला खेळणाऱ्यांनी टाकून दिलं नाही. त्याची वेगळी जागा शोधली. तो झोपवतो, वेगानं ११० आहे, आणि नॉर्मलचा वार त्याच्यातून आरपार जातो. एक्झेग्युटर एक्स्प्लोजन करायच्या बेतात आहे असं दिसलं की गेंगारला पुढे करायचं. समोरचा फुटून मरतो आणि याला धक्काही लागत नाही. स्नोरलॅक्सचा सेल्फडिस्ट्रक्ट तसाच वाया जातो. नेमका क्षण ओळखावा लागतो, कारण अंदाज चुकला तर एक्झेग्युटरच्या सायकिकनं तो अर्धा होतो. मी गेंगार घेऊन खेळतो. जास्त जिंकतो असं नाही, पण घेतो.

पोळा झाल्यावर दोन दिवसांनी भाच्याला मी जवळ बसवलं. तोवर त्याचा चारिझार्ड साठच्या घरात गेला होता. पीसीतून टॉरोस काढायला लावला. "याले वाढवून पाय ना," म्हटलं तर त्याचं म्हणणं होतं की वाढवला तरी काय, याला येतं ते टॅकल, स्टॉम्प, टेल व्हिप, लिअर, रेज, टेक डाउन. तो खरंच बोलत होता. बैल एकटा नुसत्या लेव्हलवर वाढला तर हातात एवढंच लागतं. त्याच्या चारही मोठ्या चाली बाहेरून द्याव्या लागतात, टीएमनं, म्हणजे चाल शिकवणाऱ्या यंत्रानं. बॉडी स्लॅम एसएस ॲन जहाजावरच्या एका खोलीत पडलेला असतो. अर्थक्वेक सिल्फ कंपनीच्या दहाव्या मजल्यावर. ब्लिझर्ड सिनाबारच्या पडक्या वाड्यात. हायपर बीम सेलाडॉनच्या गेम कॉर्नरवर नाणी जमवून घ्यायचा. पहिल्या पिढीत एक टीएम एकदाच वापरता येतो, आणि ते जहाज एकदा बंदर सोडून गेलं की परत येत नाही. भाच्यानं बॉडी स्लॅम कधीचाच चारिझार्डला देऊन टाकला होता. "मंग आता?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, उरलेले तीन आहेत, आणि टेक डाउन तोवर चालवून घेऊ. त्यानं खूप वेळ पडद्याकडे बघितलं. मग टीममधून पिजिऑट काढून टॉरोसला जागा दिली. "मामा, पन याले डब्यात कोनी टाकत नसन का रे, ज्याईले माईत हाय?" मी म्हटलं, "नाही बाप्पा. त्याईच्यात तो सगळ्यात शेवटी निंगते."

हे "शेवटी" त्याला समजावून सांगायला मला जड गेलं. गेमच्या शेवटी येणाऱ्या चौघांशी, एलिट फोरशी, लढताना असलं काही लागत नाही, जो पुढे आहे त्यानं मारत सुटायचं. खरी लढत मात्र बैलासाठी नांगरून ठेवलेल्या रानासारखी आधी तयार करावी लागते. पहिल्या पाळ्यांत झोप आणि लकवा वाटायचा. अलकझाम, चॅन्सी, स्टारमी हे थंडर वेव्ह देत फिरतात. एक्झेग्युटर कुणाला तरी घेऊन फुटतो. समोरचे वेगवान लुळे पडले, दगडवाला रक्तबंबाळ झाला, की मग बैल सोडायचा. आधी सोडला तर तोच लुळा होतो आणि त्याचा ११० चा वेग मातीमोल. घाई करणारे बरेच भेटतात. मला त्यांचा राग येतो, कारण इतकं चांगलं जनावर ते पहिल्याच चिखलात घालतात.

पुढच्या पिढीत हे सगळं मोडलं. १९९९ मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले. भुताचं शून्य दुरुस्त झालं. डार्क आणि स्टील असे दोन नवे टाइप आले. डार्कवर सायकिक लागतच नाही आणि स्टील नॉर्मलला अर्धं अडवतं. स्पेशलचे दोन भाग झाले, मारायचा वेगळा आणि सोसायचा वेगळा, आणि त्या वाटणीत टॉरोसच्या वाट्याला मारायचा आला अवघा ४०. ब्लिझर्ड दहातून सातदा लागू लागला. मर्मी घावाचा वेगाशी संबंध तुटला. कासव असो की बैल, सगळ्यांना सारखाच. आणि हायपर बीम, ज्याची पहिल्या पिढीत अट अशी की समोरचा मेला तर दमायची पाळी घ्यावी लागत नाही, तो आता प्रत्येक वेळी दमवू लागला. टॉरोसची अंगाची ताकद १०० ची १०० च राहिली, वेग ११० चा ११० च. तरी तो पहिल्या रांगेतून गेला, आणि त्याच्या जागी स्नोरलॅक्स येऊन बसला. दुरुस्त्या सगळ्या योग्य होत्या, भुताला न्याय मिळालाच पाहिजे होता. तरी दुसऱ्या पिढीच्या लढती मी फारशा खेळत नाही. तिथं बैल नुसता एक प्राणी आहे.

म्हणून रात्री मी पहिल्या पिढीतच परत येतो. आणि तिथं मला सर्वांत आवडतो तो शेवट, जो वरचेवर येतो: दोन्हीकडचे पाच-पाच गेलेले, आणि इकडे एक टॉरोस, तिकडे एक टॉरोस. आता तक्त्याचा काही उपयोग नाही. बॉडी स्लॅम नॉर्मलला लुळं करू शकत नाही, कारण पहिल्या पिढीत आपल्याच टाइपला त्या चालीचा तो गुण लागत नाही. वेग दोघांचा सारखा, म्हणून प्रत्येक पाळीला गेम छापा-काटा करतो की आधी कोण. दोघांचं रक्त ३५३. एक बॉडी स्लॅम ९५ ते ११२ च्या दरम्यान घेतो, हायपर बीम १६६ ते १९६. पहिल्याच पाळीला हायपर बीम दिला तर समोरचा मरत नाही आणि आपण दमून उभे राहतो. म्हणून दोन बॉडी स्लॅम आधी, मग हायपर बीम, जो उरलेलं सगळं घेतो आणि दमवतही नाही. मध्ये कुणाला मर्मी घाव मिळाला तर एक बॉडी स्लॅम पुरतो आणि दुसऱ्याच पाळीला हायपर बीम द्यायचा. हायपर बीम दहातून एकदा हुकतो, ते दोघांनाही माहीत असतं. समोरचा कोण, कुठल्या देशातला, त्याच्याकडे आत्ता दिवस आहे की रात्र, काही कळत नाही. पण त्यानं पहिल्या पाळीला बॉडी स्लॅम दिला की मला कळतं, यानं हे गणित केलेलं आहे, आणि मी गच्चीच्या कठड्यावर मोबाइल नीट टेकवून दुसरा बॉडी स्लॅम दाबतो.